जुन्या वस्त्राचं पुढे काय होतं?



विषय कळवला तेव्हा संयोजकांनी जरा चाचरतच विचारलं, "सर, पत्रिकेवर 'जुने कपडे' असंच छापायचं ना?" तसंच छापा, म्हटलं. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने जुन्या कपड्यांवर काय बोलायचं, ही शंका रास्त आहे. पण खरं सांगायचं तर हा विषय आमच्याकडे तत्त्वज्ञानाच्या वर्गातूनच आला.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तो दृष्टान्त आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस जीर्ण वस्त्रं टाकतो आणि नवी घेतो, तसाच देही जीर्ण शरीरं टाकून नवी धारण करतो. हा श्लोक आम्ही वर्षानुवर्षं शिकवला. आत्म्याचं पुढे काय होतं यावर तासच्या तास बोललो. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, पण त्या टाकलेल्या वस्त्राचं पुढे काय होतं?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढच्या श्लोकाकडे वळलो. निवृत्त झाल्यावर कधीतरी लक्षात आलं, की त्या मुलीला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. आज ते देण्याचा प्रयत्न करू या.

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. टाकलेलं वस्त्र नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जातं. मग त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो. दुसऱ्याने वापरलेला कपडा अंगावर घालायचा, यात लाज कसली? आज कॉलेजातली मुलंमुली मोबाइलवर वापरलेले कपडे शोधून विकत घेतात, त्याला 'थ्रिफ्टिंग' म्हणतात, आणि अमुक जॅकेट तीनशे रुपयांत मिळालं असं कौतुकाने सांगतात. आमच्या पिढीत हीच गोष्ट लपवायची असे. मधल्या पन्नास वर्षांत कपडा तर तसाच राहिला, मग बदललं काय? आजचं व्याख्यान याच दोन प्रश्नांवर आहे.

सुरुवात बुद्धाच्या काळापासून करू. विनयपिटकात, चुल्लवग्गाच्या शेवटी एक गोष्ट येते. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर आनंद कोसंबीला गेला. तिथल्या उदयन राजाच्या राण्यांनी त्याचा उपदेश ऐकला आणि त्याला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला ते कळलं तेव्हा तो चिडला. एवढी वस्त्रं घेऊन हा श्रमण करणार काय, दुकान थाटणार की काय? तो स्वतः आनंदाकडे गेला आणि त्याने उलटतपासणीच सुरू केली.

एवढ्या वस्त्रांचं काय करणार? ज्या भिक्षूंची चीवरं झिजली आहेत त्यांना वाटणार. मग त्यांच्या जुन्या चीवरांचं काय? त्यांची अंथरुणावर घालायची आच्छादनं करणार. आधीच्या आच्छादनांचं? गाद्यांच्या खोळी करणार. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरायला घेणार. आधीच्या अंथरण्यांचं? पायपुसणी करणार. जुन्या पायपुसण्यांचं? धूळ झाडायची फडकी. आणि त्या फडक्यांचं? ती बारीक कापून, चिखलात मळून, त्याने जमीन सारवणार. राजाचं समाधान झालं, आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं हे फार जुनं आणि फार नेमकं उत्तर आहे. वस्त्र एकदम मरत नाही. ते पायरी पायरीने खाली उतरतं आणि शेवटी मातीला मिळतं.

आता हीच यादी आपण मराठी घरात आणून बघू. चाळीशीच्या पुढच्या श्रोत्यांना ती सांगायलाही नको. नऊवारी लुगडं आधी मधोमध विरतं, कारण बसण्या-उठण्याचा भार तिथे येतो. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन्हीकडचे धड तुकडे जोडून घ्यायचे. याला दंड घालणं म्हणत. लुगडं विटलं, तर ते रंगाऱ्याकडे द्यायचं. फिकटाचं गडद करता येतं, गडदाचं फिकट होत नाही, म्हणून एकच लुगडं वयाबरोबर काळपट होत जाई. पांढऱ्या धोतराला नीळ, सुती लुगड्याला खळ. जुनं कापड ताजं दिसावं म्हणून केलेले हे सगळे घरगुती उपाय.

पुरुषांच्या कपड्यांचीही अशीच पायरी होती. शर्टाची कॉलर मानेशी झिजली, की शिंप्याकडून उसवून, उलटी करून पुन्हा शिवून घ्यायची. फुलपँट गुडघ्यावर गेली, की तिची हाफपँट. मुलांच्या चड्डीला आत भरपूर दुमड ठेवलेला असे, दरवर्षी थोडा थोडा सोडायचा. चांगला कोट कशात अडकून फाटला तर रफूगार. चांगला रफूगार त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढतो आणि भोकावर ताणाबाणा पुन्हा विणतो. धागा त्याच कापडाचा, म्हणून रंग जुळतो, आणि फाटलं होतं हे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

सगळे उपाय थकले, की लुगड्याची वाकळ होते, गोधडी होते. थरावर थर घालून, धावदोऱ्याने चारी बाजूंनी शिवत मध्यापर्यंत यायचं. त्यातूनही उरलेल्या चिंध्यांचं पोतेरं, नाहीतर काकडा. देवळात पहाटे ज्याच्यावरून काकडआरती हे नाव पडलं, तो काकडा म्हणजे चिंध्या पिळून केलेली जाड वातच. आणि पोतेऱ्याने काय करायचं? जमीन सारवायची. आनंदाच्या यादीचा शेवट आणि आपल्या आजीच्या यादीचा शेवट एकाच जमिनीवर होतो.

यात एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडे अनेक घरांत बाळाला बारशापर्यंत नवं कापड घालत नसत. आजीच्या मऊ पडलेल्या लुगड्याची दुपटी, आजोबांच्या धोतराचे लंगोट. शेकडो वेळा धुतलेलं सूत टोचत नाही, हे व्यवहारी कारण झालं. पण त्यामागे माया होती, आशीर्वाद होता. म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरचं कापड माणसाच्या अंगाला पहिल्यांदा लागतं ते आशीर्वाद म्हणून. तिथे कोणाला लाज वाटत नाही. जुन्या कपड्याची लाज मळामुळे किंवा झिजेमुळे वाटते, असं जे आपण समजतो ते म्हणूनच पुरेसं नाही. मळ धुता येतो. लाज आणखी कुठून तरी येते.

कुठून येते, हे शोधायला आपल्याला एका अप्रिय ठिकाणी जावं लागेल. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी कसं राहावं याचे नियम आहेत. गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात जेवावं, आणि त्यांची वस्त्रं कोणती? मृतांची. प्रेतावरची. गंमत म्हणावी की क्रौर्य, पण गीतेतला तो श्लोक आणि मनुस्मृतीतला हा श्लोक, दोन्ही एकाच शब्दाने सुरू होतात, 'वासांसि'. एकीकडे जीर्ण वस्त्र टाकणारा आहे. दुसरीकडे, टाकलेलं वस्त्र ज्याने घातलंच पाहिजे असा माणूस आहे. आम्ही पहिला श्लोक चाळीस वर्षं शिकवला. दुसरा त्याच्या शेजारी ठेवून वाचावा, हे आम्हाला सुचलं नाही, ही कबुली इथे द्यायला हवी.

आता याच्या बाजूला बौद्ध भिक्षूचं पांसुकूल ठेवून बघा. पांसुकूल म्हणजे उकिरड्यावरून, स्मशानातून उचललेल्या चिंध्यांचं वस्त्र. तीच प्रेतावरची चिंधी. पण भिक्षू ती उचलतो, धुतो, रंगवतो, तुकड्याला तुकडा जोडून चीवर करतो. मगधातल्या शेतांचे बांधाबांधांनी आखलेले चौकोन दाखवून, चीवर असं शिवता येईल का, असं बुद्धाने आनंदाला विचारलं, अशी कथा आहे. आजही भिक्षूच्या चीवरावर ते शेतासारखे तुकडे दिसतात. एकाच कापडामुळे एक माणूस अस्पृश्य ठरला आणि दुसरा पूज्य.

फरक कशात? एकावर ते लादलं होतं, दुसऱ्याने ते निवडलं होतं. हे आमचं मत म्हणून सोडून देऊ नका, विनयपिटकातच त्याचा दाखला आहे. जीवक वैद्याच्या विनंतीवरून बुद्धाने गृहस्थांनी दिलेली वस्त्रं घ्यायला परवानगी दिली. ज्याला पांसुकूल हवं त्याने ते घालावं, ज्याला दान घ्यायचं त्याने ते घ्यावं. पुढे देवदत्ताने मागणी केली, की पांसुकूल सगळ्या भिक्षूंना आयुष्यभर सक्तीचं करा. वरवर पाहता ही तर अधिक कडक, अधिक थोर वृत्ती. बुद्धाने ती नाकारली. चिंधी वापरण्यात मोठेपण असेलच, तर ते नाही म्हणण्याची मोकळीक असते तोवरच.

हा धागा आपल्या महाराष्ट्रात थेट महाडला येऊन पोचतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळं भाषण केलं, आणि त्यात ते कपड्यांवर बोलले, हे कमी जणांना आठवतं. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता, की लुगडं फाटकं असलं तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असू द्या, आणि ते नेसण्याच्या तऱ्हेवरून, अंगावरच्या दागिन्यांवरून तुमची जात कोणाला ओळखता येऊ नये. नीट बघा, ठिगळाला त्यांचा विरोध नव्हता. ठिगळ गरिबीचं असतं, त्यात कमीपणा नाही. विरोध होता तो कपड्यावर शिक्क्यासारख्या उमटवलेल्या जातीला. आणि स्वतः बाबासाहेब आयुष्यभर उत्तम शिवलेला सूट का घालत, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. ज्याच्या पूर्वजांना टाकलेलं वस्त्र नेमून दिलं होतं, त्याने नवं वस्त्र घालणं ही चैन नव्हे, तो प्रतिवाद आहे. म्हणून 'नवे कपडे घेणं वाईट, जुने घालणं चांगलं' असा सरसकट उपदेश कोणी केला, तर आपण जरा थांबलं पाहिजे. तो कोण कोणाला करतो आहे, हे आधी पाहिलं पाहिजे.

लादलेलं आणि निवडलेलं, या दोन्हींपेक्षा वेगळा असा एक तिसरा प्रकारही इतिहासात दिसतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू केलं. पहिल्या वर्षाला माणशी ६६ कुपनं. १९४३ मध्ये सरकारने एक पुस्तिका काढली, तिचं नाव 'मेक डू अँड मेंड', म्हणजे आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करून वापरा. पुरुषाच्या जुन्या पँटीचा बाईचा स्कर्ट कसा बेतायचा, उसवलेल्या स्वेटरची लोकर पुन्हा कशी वापरायची, अशा सूचना. हे रेशनिंग १९४९ पर्यंत चाललं. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाच्या पोशाखालाही कुपनं लागली. हे तर लादलेलंच होतं, पण सगळ्यांवर लादलेलं. त्यामुळे ठिगळाची लाज गेली. त्याच सुमाराला आपल्याकडेही 'कंट्रोलचं कापड' आलं. वडीलधारी मंडळी त्याच्या आठवणी सांगताना तक्रार करत, पण अपमान झाल्यासारखं बोलत नसत. रांगेत सगळेच उभे होते.

आतापर्यंत आपण कपडा घरात किंवा संघात फिरताना पाहिला. कपडा घराबाहेर पडतो, तेव्हा त्याला दोन वाटा असतात, बाजार आणि दान. आधी बाजार बघू.

इथे कार्ल मार्क्सचा कोट आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'भांडवल' हा ग्रंथ १८६७ मध्ये निघाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात मूल्य समजावताना मार्क्स उदाहरण घेतो ते कोटाचं. वीस वार लिननबरोबर एक कोट. आम्ही हे समीकरण फळ्यावर अनेकदा लिहिलं. पण त्याआधी, २७ फेब्रुवारी १८५२ च्या पत्रात हाच मार्क्स एंगल्सला कळवतो, की कोट गहाण पडल्यामुळे आठवडाभर घराबाहेर पडता आलेलं नाही. लंडनच्या सोहोतल्या दोन खोल्यांत तो तेव्हा राहत होता. समीकरणातला कोट नवा, कोणाच्याच अंगाचा नसलेला. गहाण पडलेला कोट मार्क्सच्या अंगाचा, बाह्यांना त्याच्या कोपरांचा आकार आलेला. घालणाऱ्याच्या लेखी तो आकार म्हणजे सहवास. गहाणदाराच्या लेखी तीच झीज, आणि झीज म्हणजे किमतीतली वजावट. जुन्या कपड्याच्या प्रत्येक सौद्यात हे दोन हिशेब एकमेकांसमोर उभे राहतात.

ते प्रत्यक्ष पाहायचे असतील तर लंडनला जायची गरज नाही. आपल्या दारात बोहारीण येत होती, कुठे कुठे अजून येते. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर बोचकं. जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं, डबा, परात. हा व्यवसाय करणाऱ्यांत मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजाचे, ज्यांना आता देवीपूजक म्हणतात, लोक मोठ्या संख्येने आहेत. तो संवाद आठवून बघा.

"एवढ्यावर हा डबा नाही परवडत, ताई. आणखी एक पँट टाका."

"अगं, ही साडी दोनदासुद्धा नेसलेली नाही!"

"दोनदा नेसलीत, मग पदराला भोक कसं?"

साडी उजेडाकडे धरून तिने ते भोक आधीच पाहिलेलं असे. आपल्या आया-आज्या तिला घासाघीशीत नमवल्याचं अभिमानाने सांगत, पण हिशेब तिचाच पक्का असे. मळकट दिसणाऱ्या ढिगातून ती पाच-सहा माल वेगळे करी. धुऊन, टाचून, बटणं लावून, इस्त्री करून पुन्हा विकण्याजोगे कपडे. ते मजुरांच्या बाजारात जात. फाटकं सूत चिंधी म्हणून गॅरेजमध्ये आणि छापखान्यात जाई. खऱ्या जरीच्या साड्या तिसरीकडेच जात. त्या जाळून आतली चांदी काढत. कित्येक जुन्या पैठण्या अशा चांदीच्या भावाने गेल्या.

बोहारणीच्या घरचं काम तर आपण पाहिलेलंच नसतं. दिल्लीत रघुबीर नगरला घोडा मंडी नावाचा जुन्या कपड्यांचा बाजार आहे, तो उजाडायच्या आत भरतो. दारोदार फिरून जमवलेलं बोचकं तिथे विकायचं आणि दिवस वर आला की पुन्हा फेरीला निघायचं. हातात आलेल्या कपड्याला नव्याने किंमत येते ती या बायकांच्या निवडण्याने, धुण्याने, टाचण्याने. एक गोष्ट मात्र त्या सौद्यात चांगली होती. बोहारीण 'नाही' म्हणू शकत होती. पाटी उचलून चालू लागायची मुभा तिला होती. ती भीक मागत नव्हती, व्यापार करत होती.

पुढची पायरी यंत्राची. १८१३ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये, यॉर्कशरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून पुन्हा सूत कातायची पद्धत बसवली. त्या कापडाला 'शॉडी' म्हणू लागले. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांचे निकृष्ट गणवेश त्यातून निघाले आणि तो शब्द 'हलक्या दर्जाचं' या अर्थाने इंग्रजीत रुळला. आज या धंद्याचं जगातलं एक मोठं केंद्र आपल्या पानिपतला आहे. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. पण आजच्या पानिपतात जगभरचे टाकलेले स्वेटर आणि कोट गाठोड्यांनी येतात. वापरण्याजोगे कपडे भारतात आणण्यावर निर्बंध आहेत, म्हणून ते आधीच कापून, चिरून, चिंधी म्हणून पाठवले जातात. बायका बटणं आणि चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात. लालाचं लाल सूत, निळ्याचं निळं, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. त्यातून स्वस्त ब्लँकेटं निघतात, आणि भूकंप-पुरात मदत म्हणून वाटली जातात ती बहुधा हीच.

घानाची राजधानी अक्रा इथे कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. युरोप-अमेरिकेतून येणाऱ्या या कपड्यांना तिथल्या भाषेत 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे. इतका चांगला कपडा जिवंत माणूस कसा टाकेल, असं लोकांना वाटलं, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. मनुस्मृतीतली मृतांची वस्त्रं आणि हे नाव शेजारी ठेवा. तिथे हुकूम आहे, इथे देणाऱ्याच्या उधळपट्टीवर मारलेला टोमणा आहे.

आता दुसरी वाट, दानाची. इथे एक आठवण सांगावी लागेल. आम्ही सहावीत होतो. वर्गातला एक मुलगा एके दिवशी छान चौकटीचा शर्ट घालून आला. मधल्या सुट्टीत दुसरा एक मुलगा ओरडला, "अरे, हा तर माझा शर्ट!" पहिल्याची आई दुसऱ्याच्या घरी धुणंभांडी करायची. शर्टाच्या खिशावर शाईचा डाग होता, तो दाखवून मालकाने पुरावाही दिला. आम्ही सगळे हसलो. हो, आम्हीही हसलो. तो मुलगा पुन्हा कधी त्या शर्टात दिसला नाही. शर्ट उत्तम होता, धुतलेला होता, इस्त्रीचा होता. तरी तो त्याच्या अंगावर टिकला नाही.

त्या मुलाच्या आईला तो शर्ट नको म्हणता आलं असतं का? हा प्रश्न आम्हाला पुष्कळ उशिरा पडला. मोठमोठ्यांच्या वादातही तो येऊन गेलेला आहे. ३१ जुलै १९२१ ला मुंबईत परळला गांधीजींनी परदेशी कापडाची मोठी होळी केली. रवींद्रनाथांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, की ज्यांना अंगभर वस्त्र नाही त्यांचा या कपड्यांवर अधिकार आहे, ते जाळण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला? प्रश्न बिनतोड वाटतो. ऑक्टोबर १९२१ मध्ये 'यंग इंडिया'त गांधीजींनी उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की उघड्या माणसाला हवं आहे ते काम. ते न देता टाकाऊ कपडे देणं म्हणजे त्याचा अपमान करणं. मी त्याच्या दारिद्र्याला कारण झालो असेन, तर त्याला उष्टं आणि उतरलेलं देणार नाही, माझ्यातलं उत्तम ते देईन.

दोघांपैकी कोण बरोबर? आम्हाला वाटतं, कापडाबद्दल रवींद्रनाथ बरोबर होते आणि माणसाबद्दल गांधीजी. धड कापड जाळणं वाईटच. पण ते देताना माणूस लहान होत असेल, तर तेही वाईट. दोन्ही सांभाळायचे प्रयत्न झालेले आहेत. १९०२ मध्ये बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे आणि सामान गोळा केलं, पण नुसतं वाटलं नाही. गरजू लोकांनाच ते दुरुस्त करण्याचं काम दिलं, त्याची मजुरी दिली आणि दुरुस्त माल विकला. त्यातून गुडविल ही संस्था उभी राहिली. आज अमेरिकेतली थ्रिफ्ट दुकानं म्हटली की तिचंच नाव आधी येतं. आपल्याकडे अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत 'गूंज' सुरू केली. गावाने विहीर खणायची, रस्ता दुरुस्त करायचा, बांध घालायचा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. घेणारा ते कमावून घेतो. अगदीच विरलेल्या सुती कपड्यांचे तिथे पाळीच्या दिवसांत वापरायचे पॅड होतात. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आनंदाची यादी इथे एका पायरीने वाढली, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपण परत आजच्या मुलामुलींकडे येऊ. तुम्ही जुना कपडा शोधता, धुता, बाही आखूड करता, बटणं बदलता, विटलेला रंगवता, हे आम्हाला मनापासून आवडतं. तुम्ही ती लाज झुगारून दिलीत. पण दोन गोष्टी म्हातारपणाच्या अधिकाराने सांगतो. पहिली, तुमच्या हातात जो कपडा येतो तो कोणीतरी ढिगातून निवडला, धुतला, टाचला आहे. त्या कामाची मजुरी किमतीत आहे का, हे विचारत जा. तीनशेच्या जॅकेटसाठी दोनशेपर्यंत घासाघीस करताना ते जॅकेट निवडणारी बाई आठवा. दुसरी, स्वस्त मिळालं म्हणून दहा घेतले आणि आठ कपाटात पडून राहिले, तर ती काटकसर नव्हे. आनंदाने पाचशे वस्त्रं घेतली, पण प्रत्येकाचा शेवटपर्यंतचा हिशेब त्याच्या तोंडी होता.

आणि आमच्या पिढीसाठीही एक गोष्ट. दिवाळीच्या आधी आपण कपाट आवरतो आणि नको असलेलं पिशवीत भरून कामवाल्या बाईंच्या हातात देतो. या वेळी पिशवी भरताना एवढं करू या. कपडा धुऊ, इस्त्री करू, तुटलेलं बटण लावू, उसवलं असेल तर टाका घालू. जो आपल्या पाहुण्याला देताना हात मागे येईल, तो कोणालाच द्यायचा नाही. त्याचं फडकं करायचं. आणि आधी विचारायचं, "तुम्हाला यातलं काही आवडेल का? नको असेल तर राहू द्या." त्या 'राहू द्या'साठी खरोखर जागा ठेवायची. त्या 'नको'चा राग धरायचा नाही, बोलण्यातून नाही आणि पगारातूनही नाही. दिल्यावर तो कपडा दुसऱ्याच्या अंगावर दिसला, तर आपल्या नातवंडांनी तो ओळखायचा नाही, हे त्यांना आधी शिकवायचं.

त्या मागच्या बाकावरच्या मुलीला आज उत्तर द्यायचं, तर ते असं देऊ: टाकलेल्या वस्त्राचं पुढे काय होतं, हे वस्त्र ठरवत नाही. ज्याच्या हातात ते पडतं त्याला 'नको' म्हणता येतं का, यावर ते ठरतं. ती मुलगी आज पन्नाशीची असेल. हे व्याख्यान तिच्या कानावर पडलं, तर उत्तराला झालेल्या उशिराबद्दल आम्हाला क्षमा करावी.

आता तुमचे प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.